सरबताचा हिशोब

फळ घालून लिंबू सरबत करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची एक तक्रार असते. साधं लिंबू सरबत नेहमी छान जमतं, पण त्यात कलिंगड घातलं की ते मिळमिळीत लागतं आणि स्ट्रॉबेरी घातली की दात आंबतात. कृती तर तीच होती, लिंबंही तेवढीच होती. मग चव कुठे गेली?

चव कुठे जात नाही. आपण फळाला नुसती शोभा समजतो आणि त्याचा हिशोब धरत नाही. तो धरायला शिकलो, तर उन्हाळ्यात बाजारात येणाऱ्या कुठल्याही फळाचं सरबत कृती न शोधता करता येतं. सुरुवात अर्थातच लिंबापासून करू.

1. लिंबाच्या रसात असतं काय?

आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं आणि चांगलंच आंबट. त्याच्या रसात सायट्रिक आम्ल असतं. वाण्याकडे ‘लिंबूफूल’ म्हणून पांढरे खडे मिळतात, ते हेच आम्ल. कागदी लिंबाच्या रसात ते शेकडा 6 भागांच्या आसपास सापडतं, म्हणजे 100 मिलिलिटर रसात साधारण 6 ग्रॅम. मध्यम लिंबातून 15 ते 18 मिलिलिटर रस निघतो, तेव्हा एका लिंबातून आपल्याला जेमतेम 1 ग्रॅम आम्ल मिळतं. ‘एक लिंबू, एक ग्रॅम’ एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं गणित तोंडी करता येईल.

नेमक्या उन्हाळ्यातच लिंबं महागतात, कारण लिंबाच्या झाडाला बहर आणायचा तर आधी त्याला पाण्याचा ताण द्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत हाती येणारं फळ हस्त बहराचं असतं. त्याची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागतात आणि ताण द्यायचा तो ऐन पावसाळ्यात. पाऊस उघडलाच नाही तर ताण बसत नाही, फूल कमी येतं आणि पुढच्या उन्हाळ्यात बाजारात लिंबू दिसेनासं होतं. 2022च्या एप्रिलमध्ये बऱ्याच शहरांत एका लिंबाला दहा रुपये पडत होते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘साई सरबती’ या वाणाच्या नावातच सरबत आहे. अशी रसाळ लिंबं मिळाली तर जरूर घ्यावीत. एरवी पातळ सालीचं, पिवळं आणि हातात घेतल्यावर जड लागणारं लिंबू निवडावं. कापण्याआधी ते ओट्यावर तळहाताखाली दाबून दोन-चार वेळा फिरवलं की आतल्या रसाच्या पिशव्या सुटतात आणि रस जास्त निघतो.

आता कडवटपणाविषयी. सरबत कडू झालं की दोष लिंबाला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो पिळण्याचा असतो. सालीच्या वरच्या हिरव्या-पिवळ्या थरात सुवासिक तेल असतं. त्याचे दोन-तीन थेंब सरबतात उतरले तर वास छान येतो, पण फोड पिळपिळून निथळली की तेच तेल घशाला लागतं. सालीचा पांढरा भाग आणि बिया यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात एक बेचव पदार्थ असतो. आंबट रसात पडला की काही तासांत त्याचं लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात रूपांतर होतं. म्हणून सकाळी केलेलं सरबत चांगलं लागतं आणि बियांसकट फ्रिजमध्ये ठेवलेलं तेच सरबत रात्री कडू झालेलं असतं. सालीसकट लिंबू मिक्सरमध्ये फिरवण्याची पद्धत हल्ली बरीच दिसते. ते सरबत लगेच प्यायचं असेल तर ठीक, पण ठेवायचं असेल तर रस पिळून, गाळूनच घ्यावा.

2. दोन पारडी

सरबत म्हणजे तराजू समजा. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात आंबट. दोन्ही पारडी समतोल असली की जीभ खूश होते. साखर जास्त झाली की सरबत पाकासारखं लागतं, आंबट जास्त झालं की चेहरा वाकडा होतो. पाण्याचा या तोलाशी संबंध नाही, पाण्याने फक्त चव दाट किंवा फिकी होते.

बहुतेकांना आवडणाऱ्या थंडगार सरबतात साखर शेकडा 10 ते 12 भाग असते आणि आम्ल शेकडा 0.3 च्या आसपास. म्हणजे एक लिटर सरबतासाठी साखर 110 ग्रॅम आणि आम्ल 3 ग्रॅम. तीन ग्रॅम आम्ल म्हणजे तीन लिंबं. एका ग्रॅम आंबटाला 35 ते 37 ग्रॅम साखर, असं हे प्रमाण पडतं.

हे आकडे प्रयोगशाळेतले वाटतील, पण घरोघरच्या बरण्यांमध्ये ते फार आधीपासून आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर लिंबं स्वस्त असताना लिंबाचा कच्चा पाक करून ठेवायची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. एक वाटी रसाला अडीच वाट्या साखर घेऊन ती काचेच्या बरणीत भरायची आणि साखर विरघळेपर्यंत रोज कोरड्या चमच्याने ढवळायची. याचं वजन करून पाहू. 200 मिलिलिटरची वाटी धरली तर रसात 12 ग्रॅम आम्ल येतं आणि अडीच वाट्या साखर भरते साधारण 425 ग्रॅम. 425 ला 12 ने भागलं की उत्तर येतं 35! काटा-वजन न वापरता, केवळ चाखून आणि सुधारून ठरलेलं हे प्रमाण इतकं नेमकं आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

या बरणीत आणखी दोन गोष्टी साधलेल्या असतात. एकूण मिश्रणात साखर 68 टक्क्यांच्या घरात जाते. इतक्या साखरेत बुरशीला आणि जिवाणूंना लागणारं मोकळं पाणीच उरत नाही, शिवाय आम्ल सोबत असतं, म्हणून पाक टिकतो. ओला चमचा घातला की वरच्या थरात पाणी वाढतं आणि नेमकी तिथेच बुरशी धरते. दुसरी गोष्ट, आम्लामुळे साखरेचे हळूहळू दोन भाग होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि त्यामुळे पाकात पुन्हा खडे धरायचा धोका कमी होतो. या पाकाचे दोन मोठे चमचे आणि ग्लासभर पाणी, की सरबत तयार. पाक उकळायची गरज नसते. उकळला तर लिंबाचा वास उडून जातो आणि क जीवनसत्त्वही कमी होतं.

कोकणातलं अमृत कोकमही बिनउकळीचंच. रातांब्यांच्या साली साखरेत भरून ठेवल्या की काही दिवसांत बरणीच्या तळाशी लालभडक रस साचतो. साखर जिथे दाट असते तिकडे पाणी ओढलं जातं. सालीच्या पेशींमधलं पाणी असं बाहेर येतं आणि येताना रंग आणि आंबटपणा बरोबर घेऊन येतं. ही ओढ ध्यानात ठेवा, शेवटच्या भागात ती पुन्हा लागणार आहे.

3. फळ दोन्ही पारड्यांत बसतं

फळाची स्वतःची साखर असते आणि स्वतःचा आंबटपणाही असतो. ते सरबतात घातलं की दोन्ही पारड्यांत वजन पडतं, पण सारखं पडत नाही. मूळ तक्रारीचं कारण इथे आहे.

कलिंगड घेऊ. त्याच्या रसात शेकडा 8 भाग साखर आणि आंबट जवळजवळ नाहीच. अर्धा लिटर गाळलेला रस घेतला तर साखर आली 40 ग्रॅम, आंबट शून्य. एक लिटर सरबताला 110 ग्रॅम साखर हवी, त्यातली 40 फळाने दिली, वरून घालायची उरली 70. लिंबं मात्र पूर्ण तीन. पाणी सुमारे 400 मिलिलिटर. आपण नेमकं उलट करतो. ‘फळ आहेच की’ म्हणून लिंबू एकावर आणतो आणि साखर ठरलेली तेवढीच घालतो. सरबत मिळमिळीत होणार नाही तर काय! कलिंगडाच्या सरबताला रंग आणि वास यावा म्हणून त्यात गुलाबाचं सिरप ओततात, तेही मला पटत नाही. त्याला कमी पडत असतं ते लिंबू.

आता स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी उन्हाळ्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत मिळते. तिच्यात साखर शेकडा 6-7 भाग, म्हणजे कलिंगडापेक्षा फार कमी नाही. पण तिच्यात आंबट शेकडा 0.8 भाग असतं. कलिंगड गोड लागतं आणि स्ट्रॉबेरी आंबट-गोड, यामागे साखरेचा फरक थोडा आणि आंबटाचा फार. पाव किलो स्ट्रॉबेरीच्या गरातून साखर आली 16-17 ग्रॅम आणि आंबट 2 ग्रॅम. लिंबू पुरे एक, साखर मात्र वरून 90 ग्रॅमच्या पुढे लागणार. दिसायला इतकं गोडसर फळ जवळजवळ सगळी साखर मागतं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला खरंच वाटत नाही.

काळी द्राक्षं आंबटाच्या बाबतीत या दोघांच्या मधली, साखरेत मात्र दोघांच्याही पुढे. अर्धा किलो द्राक्षांचा गाळून 350 मिलिलिटर रस धरू. त्यात साखर साधारण 60 ग्रॅम, आंबट 2 ग्रॅम. म्हणून वरून साखर 50 ग्रॅम, लिंबू एक, पाणी 600 मिलिलिटर. द्राक्षं मिक्सरमध्ये पूर्ण बारीक करू नयेत, कारण बी फुटली की तोंडाला तुरटपणा येतो. पातेल्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर गरम करावीत, साल सैल झाली की गॅस बंद करून हाताने कुस्करावीत आणि गाळून घ्यावीत. सालीतला रंग उबेने चांगला सुटतो.

अननसाचं गणित जवळजवळ स्ट्रॉबेरीसारखंच, फक्त साखर त्याच्यात जास्त. तीनशे मिलिलिटर रसाला लिंबू एक आणि साखर 75 ग्रॅम.

करवंद आणि कैरी ही फळं आंबटाच्या पारड्यात इतकं वजन टाकतात की लिंबाची गरजच उरत नाही. कैरीचं पन्हं म्हणजे हेच. त्यात लिंबाचं काम कैरी करते आणि वर गरातल्या पेक्टिनमुळे थोडा दाटपणाही देते. पन्ह्यात लिंबू पिळणाऱ्यांनी कैरी तरी बदलावी नाहीतर हात आवरावा.

हे सारे आकडे सरासरीचे आहेत. मार्चमधलं द्राक्ष आणि एप्रिलअखेरचं द्राक्ष यांच्या गोडीत फरक असतोच. म्हणून साखर हिशोबापेक्षा चमचाभर कमी घालावी, चाखावं आणि मग वाढवावी. घातलेली साखर काढता येत नाही.

4. लिंबू पडल्यावर रंग का बदलतो?

द्राक्षाचा रस गाळला की तो जांभळट दिसतो. त्यात लिंबू पिळा. रसाची धार जिथे पडते तिथे आधी लाल रेघ उमटते, मग ढवळलं की अख्खं भांडं माणकाच्या रंगाचं होतं. मुलांना हे जरूर दाखवावं. द्राक्षाच्या सालीत, कोकमात, करवंदात, जांभळात आणि स्ट्रॉबेरीत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आंबटात ती लाल दिसतात, आंबटपणा कमी झाला की जांभळ्याकडे झुकतात. वाटीत थोडा रस बाजूला काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर तो निळसर-हिरवट पडतो. तो रस प्यायचा नाही, पण सरबतात लिंबू किती महत्त्वाचं काम करतं ते डोळ्यांना पटतं.

कलिंगडाला हे लागू नाही. त्याचा लाल रंग लायकोपिनचा, म्हणजे टोमॅटोतलाच. तो पाण्यात विरघळत नाही, गराच्या बारीक कणांना धरून राहतो. म्हणून लिंबाने बदलतही नाही. आणि म्हणूनच कलिंगडाचं सरबत थोडा वेळ ठेवलं की गर एकीकडे आणि फिकट पाणी एकीकडे होतं. ते बिघडलेलं नसतं. ग्लासात ओतताना ढवळलं की झालं.

5. बर्फ किती पाणी घालतो?

चाखताना उत्तम असलेलं सरबत पाहुण्यांच्या हातात पाणचट का होतं? हिशोब करू. एका ग्लासात 250 मिलिलिटर सरबत आहे, तापमान 30 अंश. ते 5 अंशांवर आणायचं. एक ग्रॅम पाणी 1 अंशाने थंड करायला 1 कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते, तेव्हा इथे काढायच्या 250 गुणिले 25, म्हणजे 6250 कॅलरी. एक ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी शोषतो आणि त्याचं पाणी 5 अंशांपर्यंत येताना आणखी 5, एकूण 85. भागाकार केला की उत्तर येतं जवळपास 73 ग्रॅम. म्हणजे ग्लास थंड होईपर्यंत 73 ग्रॅम बर्फाचं पाणी त्यात मिसळलेलं असतं आणि 11 टक्क्यांची साखर साडेआठवर आलेली असते.

शिवाय थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. वितळलेलं पाणी आणि थंडावा असा दुहेरी फटका बसतो.

उपाय सोपा आहे. सरबत आधीच फ्रिजमध्ये 10 अंशांवर आणलं तर त्याच ग्लासाला 15 ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रिज नसेल तर माठातलं पाणी घ्यावं. माठ बाहेरून झिरपतो, ते पाणी वाऱ्यावर सुकताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार, म्हणून नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात माठाचं पाणी सुखद थंड होतं आणि मुंबईच्या दमट हवेत तोच माठ जेमतेम काम करतो. तिथे दुसरा उपाय करावा. पाणी शेकडा 25 भाग कमी घालून सरबत दाट करावं आणि उरलेलं पाणी बर्फाला पुरवू द्यावं. किंवा फळाचा गाळलेला रसच बर्फाच्या साच्यात गोठवावा. खडे वितळतील तशी चव वाढत जाते. मला हा उपाय सर्वांत आवडतो.

लग्नकार्याला बाहेरून बर्फ आणत असाल तर रंग बघून घ्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे. निळसर लादी फक्त बाटल्या गार करायला वापरायची, ग्लासात टाकायची नाही.

थंड पाण्यात साखर विरघळत नाही, असा एक समज आहे. खरं तर बर्फासारख्या गार पाण्यातही लिटरला दीड किलोपेक्षा जास्त साखर मावते, फक्त विरघळायला वेळ फार लागतो. म्हणून साखर आधी थोड्या साध्या पाण्यात आणि लिंबाच्या रसात विरघळवून घ्यावी. गार पाणी आणि बर्फ शेवटी.

6. मीठ, आणि सरबत कधी द्यायचं नाही

एक लिटर सरबतात चहाचा पाव चमचा मीठ घाला. सरबत खारट लागत नाही, उलट गोडी थोडी वाढल्यासारखी वाटते, कारण मीठ कडवट चवीला दाबून टाकतं. लिंबाचा थोडासा कडूपणा राहिला असेल तर तो यात जिरतो. घामावाटे गेलेलं मीठही थोडंफार भरून येतं. काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड कलिंगडाला फार शोभते. द्राक्षाला आणि स्ट्रॉबेरीला साधंच मीठ बरं, काळ्या मिठाचा गंधकी वास त्यांच्या वासावर चढतो.

साखर, मीठ आणि पाणी यांचं नातं नुसतं चवीचं नाही. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांचं पाण्यातलं मिश्रण रुग्णांना पाजायला सुरुवात केली. तिथला मृत्युदर 30 टक्क्यांच्या आसपास होता, तो 4 टक्क्यांच्या खाली आला. ओआरएसची आजची पाकिटं त्याच वाटेने घरोघर पोचली.

म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुलाब होत असलेल्या माणसाला, विशेषतः लहान मुलाला, ओआरएसऐवजी सरबत देऊ नये. घरी करायच्या साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण आहे एक लिटर स्वच्छ पाण्याला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सहा चमचे साखर म्हणजे साधारण 25 ग्रॅम. आपल्या सरबतात 110 ग्रॅम असते, चौपटीहून जास्त. अमृत कोकमाच्या बरणीत साखरेने सालीतलं पाणी ओढून घेतलं होतं, तशीच ही जादा साखर आतड्यात शरीरातलं पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला सरबत देताना मात्र संकोच नको. फक्त तहान भागवायची असेल तर ते थोडं पातळ ठेवावं. एक लिटरला साखर 70 ते 80 ग्रॅम, लिंबं दोन, मीठ पाव चमचा. साखर आणि लिंबू दोन्ही एकाच मापात कमी केल्याने तोल ढळत नाही, आणि दुसरा ग्लासही सहज पिता येतो.